निकोलाई (सुगंधगृह)

निकोलाई (पूर्वीचे नाव 'पार्फँ द निकोलाई') हे पॅरिसमधील एक स्वतंत्र सुगंधगृह आहे. सुगंधरचनाकार पात्रिसिया द निकोलाई आणि त्यांचे पती झाँ-लुई मिशो यांनी १९८९ मध्ये त्याची स्थापना केली. परफ्यूमच्या व्यवसायात ज्यांना 'नीश' म्हटले जाते, म्हणजे मर्यादित प्रमाणात उत्पादन करणारी, मोठ्या जाहिरातींवर विसंबून न राहणारी आणि सुगंधाच्या रचनेलाच प्राधान्य देणारी गृहे, त्यांच्या पहिल्या पिढीत निकोलाईची गणना होते. सुगंधाचे सूत्र लिहिणारी व्यक्तीच गृहाची संस्थापक आणि मालक असणे, हे या गृहाचे प्रमुख वैशिष्ट्य होय. परफ्यूमच्या आधुनिक उद्योगात ही गोष्ट वाटते त्यापेक्षा बरीच दुर्मीळ आहे.

पार्श्वभूमी

बाजारातील बहुतेक प्रसिद्ध परफ्यूम, ज्यांच्या नावाने ते विकले जातात त्या कंपन्या स्वतः रचत नाहीत. कपड्यांचा किंवा सौंदर्यप्रसाधनांचा एखादा ब्रँड आपल्याला कसा सुगंध हवा आहे याचे टिपण तयार करतो आणि ते जिव्होदाँ, आयएफएफ, सिमराइझ यांसारख्या मोठ्या गंधद्रव्य कंपन्यांकडे पाठवतो. तेथील पगारी रचनाकार आपापले नमुने सादर करतात, त्यांत स्पर्धा होते, ग्राहकांच्या चाचण्या घेतल्या जातात आणि एकाची निवड होते. निवडलेल्या रचनेचे सूत्र सामान्यतः गंधद्रव्य कंपनीकडेच राहते. ब्रँडला मिळतो तो तयार अर्क. रचनाकाराचे नाव बाटलीवर नसते, आणि विसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत ते जाहीरही फारसे होत नसे. कादंबरी प्रकाशकाच्या नावाने विकावी आणि लेखकाचे नाव कोठेच छापू नये, असा हा प्रकार होता.

याला काही जुने अपवाद होते. १८२८ मध्ये पियेर-फ्रांस्वा-पास्काल गेर्लँ यांनी पॅरिसमध्ये स्थापन केलेल्या गेर्लँ या गृहात चार पिढ्या घरातलाच एक पुरुष रचनाकार म्हणून काम करीत असे. एमे गेर्लँ यांचे 'झिकी' (१८८९), झाक गेर्लँ यांची 'लर ब्लू' (१९१२), 'मित्सुको' (१९१९) आणि 'शालिमार' (१९२५) ही या परंपरेतील गाजलेली नावे. यांपैकी शेवटचे नाव मोगल बागेवरून घेतलेले आहे, हे मराठी वाचकाच्या लगेच ध्यानात येईल. १९९४ मध्ये हे गृह एलव्हीएमएच या उद्योगसमूहाकडे गेले आणि झाँ-पॉल गेर्लँ हे कुटुंबातील अखेरचे रचनाकार ठरले.

पात्रिसिया द निकोलाई याच गेर्लँ कुटुंबातल्या. रसायनशास्त्राच्या अभ्यासानंतर त्यांनी व्हर्साय येथील इसिप्का या संस्थेत सुगंधरचनेचे शिक्षण घेतले. ही संस्था १९७० मध्ये झाँ-झाक गेर्लँ यांच्या पुढाकाराने सुरू झाली होती. पुढे क्वेस्टसारख्या गंधद्रव्य कंपनीत त्यांनी नोकरी केली. १९८८ मध्ये फ्रान्समधील सुगंधरचनाकारांच्या संघटनेचा तरुण रचनाकारांसाठीचा आंतरराष्ट्रीय पुरस्कार त्यांना मिळाला. हा पुरस्कार मिळवणाऱ्या त्या पहिल्या महिला होत. कुटुंबातील रचनाकाराची गादी तोवर एकाही स्त्रीकडे आलेली नव्हती. पुढच्याच वर्षी त्यांनी स्वतःच्या नावाचे गृह उघडले आणि पुरस्कारप्राप्त रचना 'नंबर वन' या नावाने विक्रीस ठेवली.

'नीश' गृहांची पहिली पिढी

निकोलाईच्या आधी या वाटेने जाणारी काही गृहे पॅरिसमध्ये होती. सँ-जेर्माँ मार्गावर तीन कलावंत मित्रांनी १९६१ मध्ये सुरू केलेल्या 'दिप्तीक' या दुकानाने १९६८ मध्ये आपला पहिला परफ्यूम काढला. झाँ लापोर्त यांनी १९७६ मध्ये 'लार्तिझाँ पार्फ्युमर' स्थापन केले. पुढे सर्ज ल्युताँस यांचे पॅले-रोयाल येथील दालन (१९९२) आणि रचनाकाराचे नाव थेट बाटलीवर छापणारे फ्रेदेरिक माल यांचे प्रकाशनगृहासारखे सुगंधगृह (२०००) आले. मात्र यांतील बहुतेकांचे संस्थापक स्वतः सूत्रे लिहिणारे नव्हते. ते कल्पक दिग्दर्शक होते आणि रचना इतरांकडून करून घेत.

'स्वतंत्र' हा शब्दही येथे जपून वापरावा लागतो. छोटी गृहे नावारूपाला आली की मोठे समूह ती विकत घेतात, असा अलीकडच्या दोन दशकांतील अनुभव आहे. आनिक गुताल हे गृह २०११ मध्ये कोरियातील आमोरेपॅसिफिककडे गेले, लार्तिझाँ पार्फ्युमर २०१५ मध्ये स्पेनच्या पुईग समूहाकडे गेले आणि फ्रेदेरिक माल यांचे गृह त्याच सुमारास अमेरिकेतील एस्टी लॉडरने घेतले. त्यामुळे दुकानाच्या काचेवर 'नीश' लिहिलेले असले तरी मालकी कोणाकडे आहे हे त्यावरून कळत नाही. निकोलाई हे पतिपत्नींनी उभारलेले आणि कुटुंबाच्या हाती वाढलेले गृह असल्याने या चर्चेत त्याचा उल्लेख वारंवार होतो.

सुगंधाची रचना

सुगंधरचनाकाराच्या कामाची जागा म्हणजे अर्धवर्तुळाकार, पायऱ्यापायऱ्यांची एक मांडणी. तिच्यावर शेकडो लहान बाटल्या हाताच्या अंतरावर लावलेल्या असतात. पाश्चात्त्य वाद्याच्या साम्यावरून तिला 'ऑर्गन' म्हणतात. प्रत्यक्षात आजचा रचनाकार बहुतेक वेळ या बाटल्यांपुढे नव्हे, तर कागदापुढे किंवा संगणकापुढे बसलेला असतो. सूत्र मनात रचले जाते, लिहिले जाते, आणि मगच प्रयोगशाळेत अचूक काट्यावर तोलून तयार होते. सूत्र बहुधा एक हजार भागांत मांडतात. एखादा घटक त्यात दोनशे भाग असेल, तर दुसरा अर्धा भागच असेल, पण तो अर्धा भाग काढून टाकला की सगळी रचना कोसळते. तयार नमुना कागदाच्या अरुंद पट्टीवर आणि नंतर त्वचेवर घेऊन तासन्‌तास, कधी दुसऱ्या दिवशीपर्यंत हुंगला जातो. मग सूत्रात एखादा आकडा बदलतो आणि पुन्हा तोलणे सुरू होते. एका परफ्यूमसाठी असे शेकडो नमुने होणे हे नेहमीचे आहे.

इतका वेळ हुंगत राहण्याचे कारण बाष्पनशीलतेत आहे. लिंबू, बर्गमॉट, लॅव्हेंडर यांचे हलके रेणू पहिल्या काही मिनिटांत उडून जातात. हा आरंभीचा गंध होय. गुलाब, मोगरा, निशिगंध, लवंग यांसारख्या द्रव्यांचा मधला गंध काही तास राहतो. वाळा, चंदन, पॅचौली, व्हॅनिला, ऊद, कस्तुरीसदृश संश्लेषित द्रव्ये हा तळाचा गंध असून तो कपड्यावर दिवसभर किंवा त्याहूनही अधिक टिकतो. रचनाकाराचे कौशल्य या तीन थरांची रास घालण्यात नसून एका थरातून दुसऱ्यात कळत-नकळत नेण्यात असते. स्वस्त परफ्यूम दुकानात मोहक वाटतो आणि घरी पोहोचेपर्यंत फिका पडतो, कारण त्याचा सारा खर्च पहिल्या पंधरा मिनिटांवर केलेला असतो.

अर्क तयार झाला की तो काही काळ तसाच मुरू देतात. नंतर तो शुद्ध अल्कोहोलमध्ये मिसळून पुन्हा काही आठवडे ठेवतात. त्यानंतर मिश्रण शून्य अंशाच्या आसपास थंड करतात. नैसर्गिक द्रव्यांतील मेण थंडीने गोठून तळाशी बसते आणि गाळून काढता येते. ही पायरी टाळली तर हिवाळ्यात बाटलीतील द्रव गढूळ होतो. अर्काच्या प्रमाणानुसार परफ्यूमला वेगवेगळी नावे आहेत. 'ओ द कोलोन'मध्ये साधारण तीन ते पाच टक्के, 'ओ द त्वालेत'मध्ये पाच ते पंधरा, 'ओ द पार्फँ'मध्ये दहा ते वीस आणि 'एक्स्त्रे'मध्ये त्याहून अधिक अर्क असतो. ही नावे व्यापारी रूढीची आहेत. कायद्याने त्यांच्या सीमा आखलेल्या नाहीत.

आपल्याकडील अत्तराशी याची तुलना करणे विद्यार्थ्यांना उपयोगी पडेल. कनौजच्या पारंपरिक पद्धतीत तांब्याच्या डेगेत फुले आणि पाणी उकळून त्यांची वाफ चंदनतेल असलेल्या भपक्यात उतरवतात. तेथे वाहक द्रव्य तेल असते आणि बहुधा एकाच फुलाचा किंवा मातीचा गंध केंद्रस्थानी असतो. फ्रेंच परफ्यूममध्ये वाहक अल्कोहोल असते आणि एकही फूल एकटे नसते. निशिगंधाचा भास निर्माण करण्यासाठीसुद्धा कित्येक घटक लागतात, आणि त्यांतील काहींचा निशिगंधाशी काडीचाही संबंध नसतो.

कच्चा माल

भूमध्य समुद्राजवळील ग्रास हे गाव फ्रेंच सुगंधव्यवसायाचे मूळ केंद्र. सुगंधी वनस्पतींची लागवड, त्यांच्यावरील प्रक्रिया आणि सुगंधरचना ही ग्रास परिसरातील कौशल्ये युनेस्कोने २०१८ मध्ये अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत समाविष्ट केली. तेथे मे महिन्यात शतपत्री गुलाब आणि उन्हाळ्याच्या अखेरीस चमेली भल्या पहाटे खुडली जाते. चमेलीसारखी नाजूक फुले उकळण्याने बिघडतात. म्हणून ती द्रावकात बुडवून मेणासारखा घट्ट अर्क काढतात आणि तो अल्कोहोलने धुऊन शुद्ध अर्क मिळवतात. एक किलो शुद्ध अर्कासाठी साधारण सहाशे ते सातशे किलो चमेलीची फुले लागतात. संत्र्या-लिंबाच्या सालीचे तेल मात्र न तापवता, नुसत्या दाबाने काढतात.

सर्वांत जास्त संयम मागणारा माल म्हणजे आयरिस. या वनस्पतीचे फूल नव्हे, तर जमिनीतील कंद वापरतात. तो साधारण तीन वर्षे वाढवून काढतात आणि नंतर आणखी दोन-तीन वर्षे सुकवतात. ताज्या कंदाला जवळजवळ वास नसतो. व्हायोलेटच्या फुलांसारखा पावडरी गंध सुकण्याच्या काळातच तयार होतो. अशा द्रव्यात पैसा अडकवून ठेवणे लहान गृहाला सोपे नसते.

भारताचा वाटाही यात कमी नाही. तमिळनाडूतील मोगरा, चमेली आणि निशिगंध यांचे अर्क फ्रेंच रचनाकार नियमितपणे वापरतात. निशिगंध मूळचा मेक्सिकोचा असला तरी महाराष्ट्रातील लग्नमंडपात तो इतका रुळला आहे की त्याला परका म्हणवत नाही. पॅचौली (मराठीत पाच) हे नाव तमिळमधून युरोपात पोहोचले. एकोणिसाव्या शतकात काश्मिरी शालींना कसर लागू नये म्हणून त्यांच्या घड्यांत ही पाने घालून त्या युरोपात पाठवीत, आणि तो वासच अस्सल शालीची खूण मानला जाऊ लागला.

नैसर्गिक द्रव्यांचे हे सारे कौतुक खरे असले, तरी संश्लेषित द्रव्ये म्हणजे भेसळ हा समज चुकीचा आहे. आधुनिक परफ्यूमचा जन्मच रसायनशाळेतून झाला. कूमारिन हे द्रव्य विल्यम पर्किन यांनी १८६८ मध्ये कृत्रिम रीतीने तयार केले, आणि पॉल पार्के यांनी उबिगाँ या गृहासाठी रचलेल्या 'फुजेर रोयाल'मध्ये (१८८२) ते वापरले गेले. 'झिकी'मध्ये कूमारिनसोबत कृत्रिम व्हॅनिलिनही होते. निकोलाईच्या रचनांतही दोन्ही प्रकारची द्रव्ये असतात.

निवडक सुगंध

'नंबर वन' (१९८९) ही निशिगंध आणि चमेली यांच्याभोवती बांधलेली पांढऱ्या फुलांची रचना आहे. त्याच वर्षीचा 'न्यूयॉर्क' हा पुरुषांसाठीचा परफ्यूम गृहाची ओळख ठरला. लिंबूवर्गीय आरंभ, मध्ये लॅव्हेंडर व मसाले आणि तळाशी वाळा, अंबर व ओकमॉस अशी त्याची घडण आहे. सुगंधसमीक्षक लुका टुरिन यांनी त्याची मनापासून प्रशंसा केली. 'साक्रब्लू' (१९९३) मध्ये कार्नेशन, दालचिनी, ऊद आणि व्हॅनिला यांचे दाट मिश्रण आहे. 'फिग टी' हलका, अंजिराच्या चहाची आठवण करून देणारा आहे. 'व्हॅनिल टोंका'मध्ये व्हॅनिलाला लिंबाची आंबट झाक दिल्याने तो मिठाईसारखा गुळचट होत नाही. 'पॅचौली इंटेन्स' (२००९) हाही रसिकांना परिचित आहे.

निकोलाईचे परफ्यूम ३० मिलिलिटरच्या लहान बाटलीतही मिळतात. ही गोष्ट किरकोळ वाटेल. परंतु बहुतेक नीश गृहे केवळ मोठ्या आणि महागड्या बाटल्या विकत असताना, विद्यार्थ्याला किंवा मध्यमवर्गीय रसिकाला परवडेल अशा मापात उत्तम रचना देणे, हा या गृहाच्या लौकिकाचा एक भाग आहे. परफ्यूमबरोबरच मेणबत्त्या आणि खोलीसाठीचे सुगंधही हे गृह बनवते. प्रत्यक्ष उत्पादन पॅरिसबाहेर, ऑर्लेआँ परिसरातील कार्यशाळेत होते.

निर्बंध आणि पुनर्रचना

परफ्यूम ही एकदाच रचून कायमची संपणारी कृती नाही. त्वचेवर लावायचे द्रव्य असल्याने त्याच्यावर आरोग्यविषयक नियम लागू होतात आणि ते काळानुसार कडक होत गेले आहेत. १९७३ मध्ये स्थापन झालेली इफ्रा ही सुगंध-उद्योगाची आंतरराष्ट्रीय संघटना विविध घटकांच्या मर्यादा ठरवते. युरोपीय संघाने २००३ च्या निर्देशान्वये ॲलर्जी निर्माण करू शकणारे २६ सुगंधघटक ठरावीक प्रमाणापुढे असल्यास वेष्टनावर लिहिणे बंधनकारक केले. २०२३ मध्ये ही यादी ८० च्या पुढे गेली. लिली ऑफ द व्हॅलीचा भास देणारे लिलियाल हे पूर्वी सर्रास वापरले जाणारे द्रव्य मार्च २०२२ पासून युरोपीय संघात वापरता येत नाही.

या संदर्भात ओकमॉसचे उदाहरण सर्वांत बोलके आहे. ओकच्या खोडावर वाढणारी ही दगडफुलाच्या कुळातील वनस्पती. गोड्या मसाल्यात घालायचे दगडफूल ज्यांनी भाजले आहे, त्यांना ओल्या जंगलासारख्या, किंचित धुरकट गंधाची कल्पना येईल. 'मित्सुको'पासून 'न्यूयॉर्क'पर्यंत असंख्य रचनांच्या तळाशी ते होते. मात्र त्यातील ॲट्रॅनॉल आणि क्लोरोॲट्रॅनॉल ही द्रव्ये तीव्र ॲलर्जी निर्माण करतात. त्यामुळे इफ्राने अर्काचा वापर अंतिम उत्पादनाच्या ०.१ टक्क्यापुरता मर्यादित केला, आणि युरोपीय संघाने २०१७ मध्ये या दोन द्रव्यांवर बंदी घातली. ती २०१९ ते २०२१ या काळात टप्प्याटप्प्याने अमलात आली. आता ही द्रव्ये काढून टाकलेला ओकमॉस वापरावा लागतो आणि त्याची खोली मूळच्या तुलनेत कमी असते.

ज्यांना ॲलर्जी होते त्यांच्या दृष्टीने हे नियम आवश्यक आहेत, यात शंका नाही. पण त्यांचा भार सर्वांवर सारखा पडत नाही. मोठ्या कंपनीकडे नियमपालनासाठी स्वतंत्र विभाग असतो. लहान गृहाला तीस वर्षांपूर्वीची डझनावारी सूत्रे एकेक करून पुन्हा लिहावी लागतात. शिवाय बदललेला परफ्यूम जुन्याच नावाने विकला जातो. जुन्या ग्राहकाला फरक जाणवतो, पण वेष्टन त्याला काहीच सांगत नाही. मोठ्या ब्रँडमध्ये ही पुनर्रचना बहुधा मूळ रचनाकाराखेरीज कोणीतरी करतो. रचनाकारच मालक असलेल्या गृहात मूळ लेखिकेलाच आपल्या मजकुरात दुरुस्ती करता येते, हा स्वातंत्र्याचा सहसा न बोलला जाणारा लाभ होय.

सूत्राची मालकी

परफ्यूमचे सूत्र हे कवितेसारखे लेखकाचे मानावे की लोणच्याच्या कृतीसारखे कसबाचे, हा प्रश्न न्यायालयांपुढेही आला आहे. फ्रान्सच्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने १३ जून २००६ रोजी असा निर्णय दिला की परफ्यूमचा गंध हा केवळ कसबाच्या वापरातून निर्माण होतो, त्यामुळे त्याला लेखकाच्या हक्काचे संरक्षण मिळू शकत नाही. तीनच दिवसांनी, १६ जून रोजी, नेदरलँड्सच्या सर्वोच्च न्यायालयाने लँकोमच्या 'त्रेझोर' या परफ्यूमसंबंधीच्या खटल्यात नेमका उलटा निकाल दिला आणि गंधाला लेखनाधिकार मान्य केला. सुगंधकलेची जन्मभूमी म्हणवणाऱ्या देशातच ती कला म्हणून नाकारली गेली, हा विरोधाभास रचनाकारांना आजही सलतो.

परिणामी फ्रान्समध्ये सूत्राचे रक्षण गुप्ततेनेच करावे लागते. परंतु वायू-वर्णलेखन या तंत्राने परफ्यूमचे घटक आता बऱ्याच अंशी उलगडता येतात. त्यामुळे नक्कल करणे सोपे झाले आहे आणि गुप्ततेची भिंत पूर्वीइतकी भक्कम राहिलेली नाही. नैसर्गिक अर्कांत शेकडो रेणू असल्याने नक्कल करणाऱ्याला त्यांचा छडा लावणे तुलनेने अवघड जाते, एवढाच काय तो आधार.

ऑस्मोतेक

व्हर्साय येथे १९९० मध्ये स्थापन झालेले ऑस्मोतेक हे सुगंधांचे संग्रहालय निकोलाईच्या इतिहासाशी जवळून जोडलेले आहे. झाँ पातू या गृहाचे रचनाकार झाँ केर्लेओ हे त्याचे पहिले अध्यक्ष होते. २००८ मध्ये अध्यक्षपद पात्रिसिया द निकोलाई यांच्याकडे आले आणि त्यांनी ते दहा वर्षांहून अधिक काळ सांभाळले. येथे हजारो परफ्यूम १२ अंश सेल्सियस तापमानात, अंधारात, बाटलीतील हवा काढून तिच्या जागी आर्गॉन वायू भरून जपलेले आहेत. प्राणवायू, उष्णता आणि प्रकाश ही सुगंधाच्या नाशाची तीन कारणे होत.

संग्रहातील कित्येक परफ्यूम बाजारातून केव्हाच नाहीसे झाले आहेत. फ्रांस्वा कोटी यांचा 'शीप्र' (१९१७) आणि 'फुजेर रोयाल' यांची जुनी रूपे मूळ सूत्रानुसार पुन्हा तोलून येथे ठेवलेली आहेत. प्राचीन रोममधील एक सुगंध आणि सेंट हेलेना बेटावरील नेपोलियनसाठी बनवलेले कोलोन यांचीही अशीच पुनर्निर्मिती करण्यात आली आहे. हे नमुने विक्रीसाठी नसल्याने त्यांत निर्बंधित द्रव्ये मूळ प्रमाणात ठेवता येतात. गृहांनी विश्वासाने सोपवलेली सूत्रे संस्था तिजोरीत सुरक्षित ठेवते आणि ती कोणालाही दाखवत नाही. भेट देणाऱ्यांना हे सुगंध त्वचेवर लावायला मिळत नाहीत. ते कागदी पट्टीवरच हुंगायला दिले जातात.